काळी जाळी

दौंडच्या ठेसनावरचे हमाल आम्हाला बंदरवाले म्हणायचे. डोक्यावर माशांच्या पाट्या घेऊन आमच्या बायका फलाटावर शिरल्या की एखादा ओरडायचा, “सरका रं, बंदर आलं, नाकं धरा!” समुद्र आमच्यातल्या कुणी बघितलेला नव्हता. भीमेच्या काठाला, शिरूरच्या हद्दीत, काळ्या खडकाचा एक सपाट उतार पाण्यात गेला होता. त्याला आमच्या पाच-सहा नावा बांधलेल्या असायच्या आणि खडकाच्या वर पंधरा-वीस घरं. एवढंच आमचं बंदर. समोरचा काठ दौंडचा. मासा नावेतून पलीकडं जायचा, तिथून गाडीवाटेनं ठेसनावर आणि रेल्वेनं पुण्याला. चेष्टेचं नाव होतं, पण आम्ही ते मानानं घेतलं. कुणी विचारलं, कुठला रं तू, की मी छाती काढून सांगायचो, बंदरावरचा. आता तो खडक धरणाच्या फुगवट्यात पार खाली गेलाय. नातू रांजणगावच्या कंपनीत जातो, त्याला मी पाण्याकडं बोट करून जागा दाखवतो, तो मोटारसायकलवरनं उतरत पण नाही.

आमच्या वस्तीचा सगळा उद्योग जाळ्याचा. मासे धरणं ही त्यातली शेवटची आणि सोपी गोष्ट. खरं काम वर्षभर घरात चालायचं. शेतकऱ्यांकडून ताग आणायचा, भिजवून, झोडून त्याचा वाख, म्हणजे तंतू, काढायचा आणि चाती फिरवून सूत काढायचं. चाती म्हणजे लाकडाची फिरकी, खाली वजन, वर खाच. मांडीवर एक घासा मारला की ती भुंग्यासारखी घुमत राहायची. दुपारी वस्तीत शिरलं तर माणसाचा आवाज नसायचा, दारादारातनं नुसती भुणभुण. म्हातारी माणसं बोलता बोलता सूत काढायची, भांडता भांडता काढायची. माझी आई तर रडता रडता सूत काढताना मी बघितलीय आणि धागा कुठं जाड-बारीक झाला नव्हता. त्या सुताची जाळी विणायची, खालच्या कडेला भाजलेल्या मातीचे मणी, वरच्या कडेला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे तुकडे. मला शाळा मराठी तिसरीपर्यंत. तिथं जे शिकलो ते आता आठवत नाही. पण डोळे बांधून अजून जाळ्याची गाठ मारीन. ज्याला खोटं वाटतं त्यानं यावं.

डोहात ओढायचं मोठं जाळं एकट्याच्या मालकीचं नसायचं. दर घरानं आपापली पट्टी विणायची. दसरा झाला, पाणी निवळलं की सगळ्या पट्ट्या खडकावर आणून एकीला एक शिवायच्या, मग त्याचं एक लांबच लांब जाळं व्हायचं. ते नावेतून डोहाभोवती फिरवून दोन्ही टोकांनी काठाला ओढायचं. जेवढ्या पट्ट्या तेवढे माशांचे वाटे. ज्याची पट्टी ओढीत फाटली त्याला त्या दिवशी वाटा नाही. पट्टी चांगली ठेवणं ज्याचं त्याच्याकडं, यात कुणाची गय नसायची.

तागाचं जाळं तसंच पाण्यात घातलं तर एका हंगामात कुजतं. म्हणून वैशाखात त्याला साल चढवायची. बाभळीची साल उखळात कुटायची, मोठ्या तांब्याच्या तपेल्यात उकळायची आणि त्या लाल काढ्यात जाळी बुडवून ठेवायची. चार दिवस वस्तीभर तुरट वास. पाण्याची चवसुद्धा तुरट लागायची. जाळी वाळत घातली की खडक विटकरी रंगाचा दिसायचा. काढा किती शिजला ते माझे आबा, म्हणजे वडील, सांगायचे. काठी बुडवून थेंब जिभेवर घ्यायचे आणि “झालं” म्हणायचे. ते म्हणेपर्यंत कुणी जाळ्याला हात लावत नसे. तपेलं मात्र आमचं नव्हतं. ते सावळामामाचं, माझ्या आईच्या थोरल्या भावाचं, त्याच्या बापापासून आलेलं. मामाचं घर आमच्या दारासमोर, मधी नुसती वाट. आई म्हणायची, “माझ्या माहेराला गाडी लागत न्हाई का नाव लागत न्हाई. हाक मारली की ओ देतं.” तेव्हा आमटीत मीठ कमी पडलं तर ती चूल सोडून समोरच्या घरातनं चिमूट आणायची.

पहिल्या काढ्यात सगळ्यात चांगली साल बसते. त्या काढ्यात आधी कुणाचं जाळं जावं याची आमच्यात रीत होती. ज्या घरात त्या साली मयत झालं असेल त्या घराचं जाळं आधी. दोन घरांत झालं असेल तर ज्याचं दुःख ताजं त्याचं आधी. ही रीत कुणी लावली मला माहीत नाही, पण मला ती अजून शहाणपणाची वाटते. त्या साली आमच्या घरात आबांची आत्या थंडीत गेली होती, पिकलं पान. आणि चैत्रात मामाचं पोर गेलं, मुलगा. मामाला तीन पोरींवर झालेला. बारसं व्हायच्या आतच गेला.

नात म्हणते, आजोबा, घरातली भांडणं कशाला लिहिताय. मी लिहिणार. भांडण गाळलं तर माझ्या आईचं काय झालं ते कुणाला कळायचं नाही.

काढा उकळत होता. सगळी वस्ती जाळी घेऊन जमली होती. मामा आपली पट्टी खांद्यावर घेऊन पुढं आला आणि म्हणाला, “दाजी, औंदा आमचं आधी.”

आबा काठीनं ढवळत होते. मान वर न करता म्हणाले, “आत्या माझ्या घरात गेली, सावळा. मान आमचा.”

“आत्या थंडीत गेली. आमचं पोर चैतात.”

“बारसं झालं व्हतं का?”

मामानं खांद्यावरची पट्टी सावरली. मग म्हणाला, “न्हाई.”

“मग ज्येचं नाव पडलं न्हाई, त्येचा मान कुठल्या नावानं द्यायचा?”

आबा वाईट माणूस नव्हते. रीत म्हणजे रीत, तिच्यात रेसभर इकडं-तिकडं नको, असा त्यांचा स्वभाव, आणि तोच माझ्यात उतरलाय. पण ते वाक्य सगळ्या वस्तीनं ऐकलं. मामी दारात उभी होती, ती आत गेली. मामानं पट्टी खाली टाकली, चुलाण्यातली जळती लाकडं पायानं बाहेर ओढली, आणि तो उकळता काढा तसाच खडकावर कलंडून दिला. लाल ओघळ पाण्यापर्यंत गेला. “तपेलं माझ्या बापाचं हाय,” एवढं बोलून ते गरम तपेलं गोणपाटानं धरून घरी नेलं.

“त्याच्या तपेल्यावाचून माझं अडत न्हाई,” आबा म्हणाले.

पलीकडच्या काठाला एका बागायतदाराचं गुऱ्हाळ होतं. हंगाम संपला होता आणि गुळाची मोठी लोखंडी काहील झाडाखाली पालथी पडली होती. आबांनी ती मागून घेतली. आता ती आणायची कशी? काहील नावेत मावेना. मग आम्ही काहीलच नाव केली. मी आणि आबा तिच्यात बसलो आणि वल्ही मारायला लागलो. काहील गोल, तिला ना पुढं ना मागं. एक वल्हं मारलं की ती गरगर फिरायची. आबा पटका बांधून ताठ बसलेले, आणि त्यांचं तोंड घटकेत दौंडकडं, घटकेत शिरूरकडं. बाळूनाना म्हणून वस्तीतला सगळ्यात म्हातारा माणूस होता, जिभेला हाड नसलेला. तो खडकावरनं आबांना ओरडला, “अरं रंगा, तोंड कुणीकडं करून येतोयस ते एकदा ठरीव की!” खडकावरची माणसं पोट धरून हसली. मलाही हसू आलं, पण आबांच्या तोंडाकडं बघून मी ते गिळलं.

निम्मी वस्ती आबांच्या मागं उभी राहिली, निम्मी मामाच्या. मामाकडच्यांनी तांब्याच्या तपेल्यात साल चढवली, आम्ही काहिलीत. दुसऱ्या दिवशी आमची जाळी बाहेर काढली आणि सगळे गार झाले. लाल रंग नावाला नव्हता. जाळी काळीभोर, शाईत बुडवल्यासारखी. आबांनी ती हातात घेऊन उन्हाकडं धरली, हुंगली, थेंब जिभेवर घेतला. मग म्हणाले, “झॅक झालं. पाण्यात माशाला दिसायचं न्हाई.” ते ऐकून आमच्याकडचे खूश झाले. मीसुद्धा मामाकडच्या पोरांना चिडवायचो, “तुमची तांबडी जाळी बघून मासं लगीन हाय समजून यील, आमच्या काळ्यात मुकाट शिरंल.” साल तांब्यातच का उकळायची, हे आमच्या वाडवडलांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनाही ठाऊक नसेल. ते तांब्यात उकळायचे, म्हणून आम्ही तांब्यात उकळायचो. पुढं लई वर्षांनी दौंडच्या एका रंगाऱ्यानं मला समजावलं की बाभळीची साल आणि लोखंड एक झालं की काळं विष तयार होतं, ते धाग्याला आतनं खातं. तेव्हा आबा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

जाळी माळ्यावर चढवली आणि पावसाळा आला. त्या पावसाळ्यासारखा लांब पावसाळा मी बघितला नाही. समोरच्या घराच्या कौलातनं धूर निघताना दिसायचा, मामीचा पोरींवर ओरडण्याचा आवाज यायचा, मामाचा खोकला ऐकू यायचा. आई चुलीपाशी बसून ते सगळं ऐकायची आणि उठायची नाही. आबांनी तिला जाऊ नको असं कधी तोंडानं सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. बाईनं नवऱ्याचं तोंड बघून समजायचं, असा तो काळ. आमटी अळणी झाली तरी ती तशीच वाढायला लागली. आम्ही तशीच खायचो.

नागपंचमीला आमच्याकडं दिंडं करतात, पुरण घालून उकडलेली. बहिणीनं माहेरी जायचं, भावाच्या घरी झोका खेळायचा. आईनं त्या दिवशी सकाळपासून दिंडं करायला घेतली ती थांबेचना. पाटी भरली. आबा म्हणाले, “एवढी कुणासाठी?”

“कुत्र्यासाठी,” आई म्हणाली.

दुपारी ती पाटी डोक्यावर घेऊन पावसात घाटावर गेली आणि रिकामी पाटी घेऊन परत आली. दिंडं पाण्यात सोडली का दुसरं काही केलं, मला माहीत नाही. येताना ती मामाच्या दारावरनंच आली, वाट तीच. दारात मामी होती. दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि दोघी आपापल्या घरात गेल्या.

दसरा झाला, पाणी निवळलं. डोह ओढायचा म्हणजे सगळ्या पट्ट्या एक कराव्याच लागतात, निम्म्या जाळ्यानं डोह येत नाही. म्हणून दोन्हीकडची माणसं खडकावर आली. एका अंगाला तांबडी जाळी, एका अंगाला काळी, आणि मधी शिवण. ती शिवण बाळूनानानं घातली, कारण दुसरं कुणी हात लावीना. आबा आणि मामा एकमेकांशी बोलत नव्हते. आबा म्हणायचे, “नाना, त्येला म्हणावं दोर सैल सोड.” मामा म्हणायचा, “नाना, दाजीस्नी म्हणावं सैलच हाय.” शेवटी नाना वैतागला. “मी काय तारेचा खांब हाय व्हय रं? समोरासमोर उभं ऱ्हाता आन् माझ्या कानात वरडता!” कुणी हसलं नाही.

सकाळचं कोवळं ऊन होतं. मी आबांच्या दोराला होतो, आबांच्या मागं, छातीभर पाण्यात. जाळं भरून आलं होतं. ते हाताला कळतं, दोर जिवंत होतो. मरळ, वाम, मोठाले शिंगटे, पाणी नुसतं फसफसत होतं. काठावर बायका पाट्या घेऊन उभ्या. आम्ही नेटानं शेवटची ओढ दिली आणि माझ्या हातातला दोर एकदम हलका झाला. आवाज मोठा झाला नाही. जुनं धोतर टरकावं तसा फर्र आवाज, मग दुसरा, मग तिसरा. काळ्या पट्ट्या एकामागून एक गेल्या. पाणी एकदा उसळलं, आणि मग डोह शांत. तांबड्या पट्ट्यांच्या पोटात थोडेफार मासे अडकले तेवढेच उरले. आबांनी पाण्यातनं मूठभर जाळं वर घेतलं आणि मूठ आवळली. तंबाखूसारखा चुरा झाला. ते तसेच मूठ धरून उभे राहिले. मी त्यांना कधी हरलेलं बघितलं नव्हतं, तोंड कसं करावं ते त्यांनाही कळत नव्हतं.

दरवर्षी वाटे आबा घालायचे. त्या दिवशी ते पाण्याकडं तोंड करून खडकावर बसले. नाना म्हणाला, “सावळा, वाटं तू घाल.” मामानं वाळूवर वाटे घालायला सुरुवात केली. चिमणीएवढे ढीग. सगळे बघत होते, कारण मासे थोडे आणि फाटल्या पट्टीला वाटा नाही हे सगळ्यांना ठाऊक. मामा आपल्याकडच्या घरांपाशी थांबला नाही. तो पुढं ढीग घालतच राहिला.

“सावळा,” नाना म्हणाला, “फाटक्या पट्टीला वाटा नसतो.”

“पट्ट्या फाटल्या,” मामा म्हणाला, “पोटं न्हाई फाटली त्येंची.”

एकेकानं खाली मान घालून आपला ढीग उचलला. शेवटी वाळूवर एकच ढीग राहिला, आमचा. वर घारी फिरायला लागल्या. आबा उठले. “म्हादू, चल,” म्हणाले आणि वस्तीकडं निघाले. मी दोन पावलं टाकली आणि थांबलो. तेवढ्यात आई खडक उतरून खाली आली. सगळ्या वस्तीसमोर वाळूवर बसली आणि ते मासे पदरात भरायला लागली.

“ठिव ते,” आबा म्हणाले.

“माझ्या भावानं घातलेला वाटा हाय,” आई म्हणाली. “तुमचं जाळं फाटलं. माझं म्हायेर न्हाई फाटलं.”

आईनं नवऱ्याला भर माणसांत उलटं बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पुढंही कधी ऐकलं नाही.

दुपारी तिनं कालवण केलं. चिंचेचा कोळ, लसूण, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, मीठ बरोबर पडलेलं. तिनं तीन ताटं वाढली. आबांनी कालवणाची वाटी हातानं बाजूला सारली आणि मिरचीचा ठेचा भाकरीवर घेतला. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी आबांकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि कालवणात भाकरी कुस्करली. आबांनी ते बघितलं. त्यांच्या शब्दाबाहेर मी तोवर गेलो नव्हतो. घास गोड लागला का कडू ते आठवत नाही, पण तो मी खाल्ला.

आई चुलीकडं तोंड करून बसली होती. तिकडंच बघत म्हणाली, “वयनीचा पदर जेष्ठापोतूर ओला व्हत व्हता. मी घाटावर धुणं धुताना बघितलंय. नाव पडलं न्हवतं म्हून दूध यायचं ऱ्हायलं न्हाई.”

आबांच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो त्यांनी ताटात ठेवला, हात धुतले आणि बाहेर जाऊन बसले. दिवसभर आत आले नाहीत.

सकाळी मी उठलो तर आबा अंगणात ताग झोडत होते. वस्तीतल्या निम्म्या घरांना आता नव्यानं जाळी विणायची होती. सूत काढण्यातच हंगाम जाणार होता. आबांनी वाखाचं भेंडोळं काखेत घेतलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “म्हादू, चाती घे. सावळाच्या वट्यावर ऊन चांगलं असतं.”

मी चाती घेऊन मागं निघालो. वाट ओलांडून आबा मामाच्या वट्यावर गेले, बसले, मांडी उघडी केली आणि सूत काढायला लागले. राम राम नाही, काही नाही. मामा दातवण करत होता. त्यानं बघितलं, चूळ भरली.

“दाजी, तुमच्याकडं ऊन पडत न्हाई व्हय?”

“पडतं. पण तिरपं पडतं.”

मामा आत गेला आणि आपली चाती घेऊन आला. बसला समोर. दोघांच्या चात्या घुमायला लागल्या. बाळूनाना तांब्या घेऊन चालला होता, तो थबकला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा न बोलता पुढं गेला. थोड्या वेळानं आई आमच्या दारातनं निघाली. वट्यावरनं आली नाही, मागच्या दारानं मामाच्या घरात शिरली. आतनं तिचा आवाज आला, “वयनी, सरा जरा, मी थापते.” मग भाकरी थापायचा आवाज, दोन बायकांच्या बांगड्या.

ऊन वट्यावर चढलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. आबांनी सूत गुंडाळलं, नवा वाख लावला, चाती मांडीवर धरली, पण फिरवली नाही.

“सावळा,” ते म्हणाले, “पोराचं नाव काय ठिवणार व्हता?”

मामाची चाती घुमत होती ती हातातनं सुटून वट्यावर पडली. आत भाकरीचा आवाज थांबला. दाराआडनं मामी म्हणाली, “सोपान. त्येंच्या आज्याचं.”

“सोपान,” आबा म्हणाले. मग पुन्हा एकदा, हळू, “सोपान.” आणि चाती मांडीवर घासून त्यांनी ती फिरवली. आत भाकरी थापायचा आवाज थांबला होता, तो जरा वेळानं परत सुरू झाला.